जुन्या फ्रेंच ताटल्यांचा संग्रह: आधी माती ओळखा, शिक्का शेवटी वाचा

फ्रान्समधल्या लहान गावांत रविवारी सकाळी जुना बाजार भरतो, तिथे केळ्यांच्या रिकाम्या खोक्यांत ताटल्यांच्या चळती ठेवलेल्या असतात. काही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, काहींवर धूळ, एखादीच्या कडेचा टवका उडालेला. त्याच चळतीत दीडशे वर्षांपूर्वीची ताटली असते आणि काही वर्षांपूर्वी सुपरमार्केटमधून आणलेलीही असते. पुष्कळदा दोन्हींचा भाव एकच असतो. या दोघींतला फरक स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखता येऊ लागला की संग्रह सुरू झाला असं समजा.

नवीन माणूस ताटली उचलतो, उलटी करतो आणि लगेच मागचा शिक्का वाचू लागतो. मला हा क्रम उलटा वाटतो. शिक्क्याची नक्कल करणं सगळ्यात सोपं. मातीचा पोत, झिलईची जाडी, झिजलेलं बूड, सुरीचे ओरखडे यांची नक्कल अवघड आणि महागही. म्हणून या लेखात शिक्क्याची पाळी बरीच उशिरा येईल.

पहिली पायरी: तीन प्रकारची माती

फ्रेंच भांड्यांचे ढोबळ तीन वर्ग आहेत. ते पक्के झाले की बराचसा गोंधळ मिटतो.

पहिला वर्ग फायान्स. आत पिवळट किंवा लालसर भाजलेली माती, वर कथिल मिसळलेली जाड दुधी झिलई. रुआँ, नव्हेर, मूस्तिए, स्ट्रासबुर्ग आणि ब्रिटनीतलं कँपेर ही तिची गावं. १७०९ मध्ये युद्धांनी तिजोरी रिकामी झाली, तेव्हा चौदाव्या लुईने आपली सोन्या-चांदीची भांडी वितळवायला टाकसाळीत पाठवली. दरबारातल्या उमरावांनीही तेच केलं आणि श्रीमंतांच्या मेजांवर चांदीच्या जागी फायान्स आलं. ओळखायचं कसं? कडेचा टवका उडालेला असेल तिथे बघा. आत रंगीत माती आणि वर सायीसारखा वेगळा थर दिसला तर फायान्स. याच कुळातली एक साधी, देखणी जात म्हणजे क्यू न्वार. ती पुढून पांढरी आणि मागून मँगनीजमुळे गडद तपकिरी असते. नॉर्मंडीकडच्या घरांतली ही रोजची ताटली, बहुधा शिक्क्याविना. मला ती दरबारी फायान्सहून जास्त आवडते.

दुसरा वर्ग फायान्स फिन. इंग्लंडहून येणाऱ्या क्रीम रंगाच्या स्वस्त, हलक्या भांड्यांशी टक्कर द्यायला फ्रेंच कारखान्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही भांडी बनवायला घेतली. आतली माती बारीक आणि पांढरी, वर शिशाची पारदर्शक झिलई. मोंत्रो, क्रेय, सारगमीन, झ्याँ, ल्युनेव्हील, श्वाझी-ल-र्वा आणि बोर्दो ही त्यांची महत्त्वाची ठिकाणं. झ्याँचा कारखाना तर १८२१ मध्ये एका इंग्रजानेच काढला. याच वर्गातल्या जाड, दणकट भांड्यांना तेर द फेर म्हणतात. अष्टकोनी किंवा पन्हाळीदार कडेची पांढरी ताटली दिसली तर बहुधा ती हीच.

तिसरा वर्ग पोर्सेलिन. लिमोझच्या दक्षिणेला सँतिरिए इथे १७६८ च्या सुमारास केओलिन, म्हणजे पोर्सेलिनची पांढरी माती, सापडली आणि १७७१ मध्ये लिमोझमध्ये पहिला कारखाना उभा राहिला. हे भांडं सुमारे १४०० अंश सेल्सियसला भाजतात, त्यामुळे आतली माती काचेसारखी घट्ट होते. ताटली खिडकीसमोर धरा आणि मागून बोटं हलवा. बोटांची सावली दिसली तर पोर्सेलिन. सावली दिसली नाही तर आधीच्या दोन वर्गांतलं. पोर्सेलिनचं जाड बूड प्रकाश अडवतं, म्हणून ही परीक्षा कडेच्या पातळ भागावर करा.

दुसरी पायरी: एकच वाट धरा

सगळंच गोळा करायला निघालं की कपाट भरतं आणि नजर मात्र तयार होत नाही. मला विचाराल तर सुरुवात एकोणिसाव्या शतकातल्या छापील फायान्स फिनपासून करावी. ही भांडी मुबलक आहेत, सुटी ताटली अनेकदा पाच-दहा युरोंच्या आत मिळते, आणि तिच्यावर वाचायला भरपूर असतं.

त्यातही आसिएत पार्लांत, म्हणजे बोलक्या ताटल्या, हा खजिनाच आहे. या फळं-मिठाईच्या वेळी वाढायच्या लहान ताटल्या, साधारण वीस सेंटिमीटर व्यासाच्या. मधोमध चित्र, खाली एखादी ओळ. विषय नाना तऱ्हेचे: नेपोलियनच्या लढाया, ला फोंतेनच्या नीतिकथा, शिपायांच्या छावणीतल्या गमती, नवी आलेली आगगाडी, वर्षाचे महिने, गाणी, चित्रकोडी. कोड्याचं उत्तर बहुतेकदा ताटलीच्या पाठीवर छापलेलं असतं. जेवण संपत आलं की प्रत्येक जण आपल्या ताटलीवरचं चित्र शेजाऱ्याला दाखवी आणि गप्पांना विषय मिळे. मालिका सहसा बारांची, प्रत्येकीवर क्रमांक. आखी मालिका एकदम विकत घेण्यापेक्षा एकेक जमवण्यात शिकणं जास्त होतं. सातवी शोधताना चौथी तीन वेगवेगळ्या अवस्थांत हाती येते आणि छपाईतला कस कळू लागतो.

ही छपाई कशी होई हे माहीत असलं की अस्सल जुनी ताटली चटकन ओळखू येते. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, शाई भरायची, पातळ कागदावर ठसा घ्यायचा आणि तो ओला कागद भाजलेल्या ताटलीवर दाबायचा. मग झिलई चढवून पुन्हा भट्टी. क्रेयमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून असं काम चालू होतं. कडेची नक्षी कागदाच्या पट्ट्या जोडून बसवत, त्यामुळे कुठेतरी सांधा राहतो. वेल मध्येच तुटते, अर्धं फूल दुसऱ्या अर्ध्याला नीट जुळत नाही. भिंग घेऊन हा सांधा शोधा. भिंगाखाली कोरलेल्या रेषा आणि बिंदू स्पष्ट दिसायला हवेत. आधुनिक छपाईतले एकसारखे रंगीत ठिपक्यांचे जाळे दिसले तर ताटली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली समजा.

या वाटेवर पुढे गेलात की कधीतरी सर्विस रुसो या जेवणाच्या भांड्यांच्या संचाचं नाव कानावर येईल. १८६६ मध्ये व्यापारी युजीन रुसो याच्यासाठी चित्रकार फेलिक्स ब्राकमाँ याने होकुसाईसारख्या जपानी कलाकारांच्या चित्रांवरून कोंबडे, मासे, किडे, फुलं कोरली आणि क्रेय-मोंत्रोने ती भांड्यांवर छापली. चित्रं ताटलीच्या मध्यावर न ठेवता इकडेतिकडे मुद्दाम विखुरलेली. युरोपीय मेजावर हे धाडसच होतं. पुढच्या वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ती मांडली गेली. मूळ ताटल्यांची किंमत सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर जाते, पण त्यांनी लावलेला जपानी छंद नंतरच्या अनेक स्वस्त फ्रेंच ताटल्यांवर सापडतो, आणि त्या परवडतात.

इतर वाटाही आहेत. शतावरी, आर्टिचोक किंवा कालवांसाठी खाचे असलेल्या उठावदार रंगीत ताटल्यांना बार्बोतीन म्हणतात. सारगमीन, सालँ, लोंशाँ, ओर्शी इथे त्या बनल्या. दिसायला मोहक, पण नकला फार. कँपेरच्या ताटल्यांवरचा ब्रिटनीच्या वेशातला शेतकरी प्रसिद्ध आहे आणि त्याच्यावर जीव टाकणारे संग्राहक जगभर आहेत. सेव्र या राजेशाही पोर्सेलिन कारखान्याच्या भांड्यांपासून मात्र सुरुवातीची काही वर्षं लांबच राहा. त्याच्या नकला एकोणिसाव्या शतकापासून होत आल्या आहेत आणि त्या फार कसबी हातांच्या आहेत.

तिसरी पायरी: हातात घेऊन तपासणी

माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारून बघतो, तसंच इथेही करायचं. ताटली एका हाताच्या बोटांवर तोलून धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने कडेवर हलकेच वाजवा. पोर्सेलिन खणखणीत वाजतं. फायान्स फिनचा आवाज मुळातच थोडा दबका असतो, म्हणून त्याच चळतीतल्या दोन-तीन ताटल्या वाजवून तुलना करा. एखादीच बद्द वाजली तर तडा आहे, दिसो वा न दिसो.

मग कडेवरून बोट फिरवा. टवका डोळ्यांआधी बोटाला कळतो. ताटली तिरपी धरून प्रकाश झिलईवर सरकू द्या. ज्या जागी चमक अचानक मंद होते किंवा किंचित पिवळी दिसते, तिथे दुरुस्ती असण्याची शक्यता मोठी. राळ भरून रंगवलेला भाग स्पर्शाला कोमट आणि मऊ लागतो, झिलई थंड आणि कडक. अंधारात अतिनील टॉर्च टाकली तर आधुनिक राळ बहुधा आसपासच्या भागाहून वेगळी उजळते. टॉर्च स्वस्त आहे, पिशवीत ठेवाच.

आता झीज. खरोखर वापरलेल्या ताटलीच्या मध्यभागी सुरीचे बारीक ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात. बुडाची कडी टेबलाला जिथे टेकते तिथे घासून मऊ झालेली असते आणि तिच्या रंध्रांत करडी घाण खोल मुरलेली असते. कृत्रिम झीज मात्र चौफेर सारखी दिसते आणि तिची घाण ओल्या बोटाने निघून येते. जुन्या ताटल्या चळतीत एकमेकींवर अगदी सपाट बसत नाहीत, जराशा डुगडुगतात. मागच्या बाजूला कडेखाली तीन-तीन बारीक ठिपके दिसले तर आनंद माना. भट्टीत ताटल्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना मातीच्या टोकदार आधारांवर टेकवत, त्या टोकांच्या या खुणा आहेत.

झिलईवरच्या बारीक जाळीबद्दल लोक उगीच घाबरतात, किंवा उगीच भाळतात. सच्छिद्र माती वर्षानुवर्षं दमटपणा शोषून किंचित फुगते, झिलई तेवढी ताणली जात नाही आणि तिला जाळी पडते. जाळी म्हणजे वयाचा पुरावा नव्हे, नव्या भांड्यालाही ती मुद्दाम आणता येते. स्वच्छ जाळी चालेल. जाळीतून तूप, चहा, रस आत मुरून तपकिरी डाग पडले असतील तर भाव कमी करायला सांगा. जाळी ओलांडून आरपार गेलेला तडा असेल तर ताटली सोडा. एकच अपवाद: जुन्या काळी तुटलेली ताटली पाठीमागून धातूचे टाके घालून जोडत. असे टाके असलेली ताटली मला सोडवत नाही. कुणाला तरी ती इतकी प्रिय होती की टाकून देववली नाही, हे त्या टाक्यांत दिसतं.

चौथी पायरी: आता शिक्का

शिक्का दोन तऱ्हांचा: ओल्या मातीत दाबलेला आणि रंगाने छापलेला. दाबलेले आकडे-अक्षरं कारागिराच्या किंवा कारखान्याच्या अंतर्गत खुणा असतात, त्यांना घाईने सालं समजू नका. छापील शिक्क्यातली सालंही फसवतात. क्रेय-मोंत्रोच्या काही शिक्क्यांत प्रदर्शनांत मिळालेल्या सुवर्णपदकांची सालं आहेत. ताटली त्यांतल्या शेवटच्या सालानंतरची एवढंच त्यावरून सिद्ध होतं. लोंवीच्या भांड्यांवरचं १७९८ हे कारखान्याच्या स्थापनेचं साल, ताटलीचं नव्हे.

काही खुणा मात्र काळ बऱ्यापैकी नेमका सांगतात. क्रेय आणि मोंत्रो हे दोन कारखाने १८४० मध्ये एकत्र आले, म्हणून दोन्ही नावं एकत्र असली तर ताटली त्यानंतरची. ‘एलएम ए सी’ ही आद्याक्षरं ल्बफ आणि मिलिए यांची, म्हणजे १८४० ते साधारण १८७५ चा काळ. श्वाझी-ल-र्वाच्या बुलांजे कंपनीशी जोड झाल्यावर ‘एचबीसीएम’ हा शिक्का आला, तो १९२० ते १९५५ चा. सारगमीनची कथा इतिहासाशी बांधलेली आहे. १८७१ मध्ये त्या भागावर जर्मनीचा ताबा आला, तेव्हा फ्रेंच बाजार हातचा जाऊ नये म्हणून कंपनीने सीमेच्या फ्रेंच बाजूला दिग्वाँ आणि वित्री-ल-फ्रांस्वा इथे कारखाने काढले. शिक्क्यात दिग्वाँ असेल तर ताटली त्या उलथापालथीनंतरची. ‘यू अँड सी’ ही अक्षरं उत्सश्नायडर कंपनीची. ल्युनेव्हीलचं ‘के आणि जी’ म्हणजे केलेर आणि गेराँ. कँपेरमध्ये ‘एचआर’ ही जुनी खूण १९२२ नंतर ‘हांरिओ’ अशी पूर्ण नावाने लिहिली जाऊ लागली.

लिमोझबद्दल एक गैरसमज सारखा भेटतो. लिमोझ हे शहर आहे, कंपनी नव्हे. तिथे अनेक कारखाने होते आणि पांढरं भांडं एकाने बनवायचं, नक्षी दुसऱ्याने करायची अशी पद्धत होती. म्हणून एकाच ताटलीवर दोन शिक्के सापडतात: झिलईखाली बहुधा हिरवा, तो भांडं घडवणाऱ्याचा, आणि झिलईवर बहुधा लाल, तो सजवणाऱ्याचा. न्यूयॉर्कचा डेव्हिड हॅव्हिलँड १८४२ मध्ये तिथे येऊन स्थायिक झाला आणि अमेरिकेचा बाजार लिमोझला मिळाला. कोरी भांडीही अमेरिकेला जात आणि तिथल्या हौशी स्त्रिया ती रंगवत. असं भांडं अस्सल लिमोझ असतं, चित्र मात्र फ्रेंच हाताचं नसतं.

अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे शिक्क्यात ‘फ्रान्स’ असेल तर ताटली बहुधा त्यानंतरची. उलट अर्थ काढू नका. देशातच विकायच्या मालावर हा शब्द घालायची गरज नव्हती. आणि भांडी धुण्याच्या यंत्रात चालेल असं लिहिलेलं असेल तर पुढे वाचायचं कारणच उरत नाही.

पाचवी पायरी: कुठे आणि कसं घ्यावं

विद-ग्रन्ये म्हणजे गावकऱ्यांनी आपापल्या माळ्यावरचं सामान रस्त्यावर मांडायचा दिवस. सगळ्यात कमी भाव इथेच. ब्रोकांत म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात व्यावसायिक विक्रेते असतात, भाव जास्त पण माहितीही जास्त. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी लीलचा प्रचंड बाजार भरतो. दक्षिणेत लील-स्युर-ला-सोर्ग इथे दर रविवारी, आणि पॅरिसच्या सीमेवर सँतुआँ इथे आठवड्याच्या शेवटी. सँतुआँत नजर तयार करा, पण खरेदी शक्यतो गावांत. एमायुस या सेवाभावी संस्थेच्या दुकानांत भांड्यांचे कप्पे असतात, तेही बघा.

विक्रेत्याशी बोलताना आधी ‘बोंझूर’ म्हणायचंच. ते न म्हणता भाव विचारला तर भाव वाढतोच, चेहराही पडतो. ताटली उचलण्यापूर्वी नजरेने परवानगी घ्या. एकापेक्षा जास्त घेणार असाल तर सगळ्या बाजूला काढून एकदम विचारा: ‘वू पूवे फेर अं पती झेस्त?’ म्हणजे काही कमी कराल का. फार ताणू नका. सुटे पैसे जवळ ठेवा.

ऑनलाइन घेताना वर्णनातले काही शब्द ओळखीचे हवेत. ‘एग्रनूर’ म्हणजे कडेचा कणभर टवका, ‘एक्ला’ म्हणजे मोठा टवका, ‘फेल’ म्हणजे तडा, ‘शव्यो’ म्हणजे केसाइतका बारीक तडा. ‘दाँ सों झ्यू’ लिहिलं असेल तर वस्तू जशी सापडली तशीच, न धुता विकली जातेय. पाठीचा, कडेचा आणि तिरप्या प्रकाशातला फोटो मागा. चांगला विक्रेता कंटाळत नाही.

मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुनी युरोपीय भांडी मिळतात, पण त्यांत इंग्लिश माल जास्त. फ्रेंच शोधायचं तर वर सांगितलेली मातीची परीक्षा तिथेही तशीच लागू आहे. अव्वल दर्जाचं फ्रेंच काम भारतातच बघायचं असेल तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात सेव्रची भांडी आहेत. फ्रान्सला जाणं झालं तर लिमोझचं आद्रियाँ द्युबुशे संग्रहालय, रुआँचं सिरॅमिक संग्रहालय आणि सारगमीनचं फायान्स संग्रहालय ही तीन चुकवू नका.

सहावी पायरी: धुणं

प्लास्टिकच्या टबात तळाला टॉवेल घाला, कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड. एका वेळी एकच ताटली. दुरुस्ती केलेलं किंवा सोनेरी कडेचं भांडं भिजत घालायचं नाही, ओल्या कापडाने पुसायचं. घासणी, चिंच, पितांबरी यांना इथे मज्जाव.

जाळीतले तपकिरी डाग काढायचे असतील तर क्लोरीनचं ब्लीच कधीही वापरू नका. त्याचे क्षार सच्छिद्र मातीत राहतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि झिलई आतून ढकलून पापुद्रे उडवतात. त्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. औषधाच्या दुकानात मिळणारं सहा टक्क्यांचं चालेल. ताटली आधी एक दिवस शुद्ध पाण्यात बुडवून ठेवा, मग हातमोजे घालून झाकणाच्या प्लास्टिक डब्यात पेरॉक्साइडमध्ये काही दिवस. डाग फिका झाला की पुन्हा दोन-तीन दिवस साध्या पाण्यात, पाणी बदलत. शेवटी सावलीत सावकाश वाळवा. हा उपाय फक्त झिलईखालच्या छपाईच्या, न दुरुस्त केलेल्या फायान्स फिनसाठी. झिलईवर रंगवलेल्या किंवा सोनेरी भांड्यावर करू नका. सगळे डाग जातीलच असं नाही, आणि अर्धवट गेलेला डागही शोभतो.

जेवायला वापरावीत का?

जुन्या फायान्स आणि फायान्स फिनच्या झिलईत शिसं असतं. भांड्यांतून पाझरणाऱ्या शिशावर युरोपात १९८४ मध्ये सामाईक मर्यादा आल्या, त्याआधीच्या भांड्यांना ती कसोटी लागलेली नाही. आंबट पदार्थ शिसं ओढून घेतो, आणि आपलं जेवण आंबटाशिवाय होत नाही. चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो, लोणचं यांतलं काहीही या ताटल्यांत वाढू नका. लहान मुलांना तर देऊच नका. जाळी पडलेल्या ताटलीत ओलं अन्नही नको, ते आत मुरून कुजतं. कोरडी बिस्किटं, सालासकट फळं एवढंच, किंवा भिंतीवर लावा. रोज वापरायचंच असेल तर नक्षीविना पांढरं लिमोझ पोर्सेलिन घ्या, त्याच्या कडक झिलईत शिसं नसतं. सोनेरी कड मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या काढते.

ठेवणं आणि आणणं

दोन ताटल्यांमध्ये कागदी रुमाल किंवा फेल्ट ठेवा, चळत आठ-दहांच्या वर नको. कप एकात एक घालू नका, कानाला अडकवून टांगू नका. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात बंद कपाटात जाळीदार भांड्यांना बुरशीचा वास लागतो, म्हणून धुतल्यावर पूर्ण वाळल्याची खात्री करूनच आत ठेवा. भिंतीवर तारेचा आकडा लावणार असाल तर त्याच्या टोकांवर रबरी नळी चढवा, नाहीतर कड चरते.

प्रत्येक ताटलीची नोंद खरेदीच्या दिवशीच करा: कुठे घेतली, किती दिले, व्यास, माती, शिक्क्याचा फोटो, दोष. चिकट लेबल लावू नका. मऊ पेन्सिलीने बुडाच्या झिलई नसलेल्या कडीवर क्रमांक लिहा.

बांधताना प्रत्येक ताटली आधी मऊ कागदात, मग बबल रॅपमध्ये. खोक्यात आडव्या न रचता उभ्या ठेवा, कारण कडेवर उभी ताटली धक्का जास्त सोसते. एक खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मध्ये चारही बाजूंनी भरणी. मोलाची ताटली हातातल्या सामानात. पावत्या जपा आणि भारतात आणताना सीमाशुल्काचे चालू नियम निघण्यापूर्वी बघा. उलट दिशेने जाताना आणखी काळजी घ्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू भारताबाहेर नेण्यावर बंदी आहे. चोर बाजारात घेतलेली जुनी फ्रेंच ताटली परदेशातल्या मुलीला द्यायची असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवा. वस्तू पुरावस्तू नाही असं ठरलं तर तसा दाखला तिथेच मिळतो.